निकाल माझ्याविरुद्ध आहे

काकूंनी मला पहिल्या भेटीत हुंगलं. थट्टा नाही करत, खरोखर हुंगलं. मी सांगलीची, म्हैसूरला नवीनच नोकरी लागलेली, आणि सरस्वतीपुरममधल्या एका बैठ्या घराच्या फाटकाशी बॅग घेऊन उभी होते. गच्चीवरची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. आतून एक पांढऱ्या केसांच्या, ताठ मानेच्या बाई आल्या. फाटक न उघडताच त्यांनी नाक पुढं केलं, सावकाश श्वास घेतला आणि म्हणाल्या, "शाम्पू बदलायला लागेल. कपड्यांचा साबण पण. बाकी मुलगी ओळ्ळे दिसतेस." ओळ्ळे म्हणजे कानडीत चांगली, हे मला मागाहून कळलं. शाम्पूचं तिथल्या तिथं कळलं.

"नोकरी कुठं?" त्यांनी विचारलं.

"लष्कर मोहल्ल्यात, अगरबत्तीच्या कारखान्यात. वास तपासायचं काम आहे."

आता बाई फाटकाला कुलूप लावणार असं मला वाटलं. त्या हसल्या. "अय्यो, शत्रूच्या घरचीच आहेस की. ये आत. त्यात काय काय घालतात ते तरी तुझ्याकडनं कळेल मला."

अशी मी त्या घरात शिरले आणि माझं लग्न होईपर्यंत तिथंच राहिले. म्हैसुरात तू काय कमावलंस असं कुणी विचारलं, तर मी पगार सांगत नाही, काकूंबद्दल सांगत बसते. लोक कंटाळतात, मी थांबत नाही.

काकूंना वासांचा त्रास होता. फिनेल, फरशी पुसायचं ते लिंबाच्या वासाचं पाणी, अत्तर, भिंतीचा ताजा रंग, डासांची कॉइल, यातलं काहीही नाकाशी आलं की घसा आवळायचा, डोकं ठणकायचं, हातांवर पुरळ उठायचं, कधीकधी दिवसभर आवाज बसायचा. कॉफी चालायची. उगाळलेलं चंदन चालायचं. शेजारच्या गोठ्याचा वास तर त्यांना आवडायचा. पण गल्लोगल्ली अगरबत्त्या वळणाऱ्या गावात अशा बाईनं जन्म काढायचा म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

घराचे कायदे कडक होते. कामावरून आले की मी बाजूच्या बोळातून थेट मागच्या न्हाणीघरात जायचं, कारखान्याचे कपडे झाकणाच्या बादलीत टाकायचे, शिकेकाईनं डोकं धुवायचं आणि मग जिन्याला पाय लावायचा. नवी साडी आणली की ती आठवडेच्या आठवडे दोरीवर फडफडायची. आणि पेपर! सकाळी पेपर आला की काकू तो पानं सुटी करून चिमटे लावून उन्हात वाळत घालायच्या, छपाईच्या शाईचा वास जावा म्हणून. अकराच्या सुमारास बातम्या वाळल्या की मग वाचायला बसायचं. पहिल्यांदा मी हे बघितलं तेव्हा हसून हसून जिन्यावर बसले. काकूंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "हस की. तुझ्या सांगलीच्या बातम्या पण वाळल्यात बघ, ये वाचायला."

माझी आई एकदा राहायला आली आणि सवयीनं तिनं देवापुढं उदबत्ती लावली. काकू ओला रुमाल नाकाला लावून संध्याकाळपर्यंत अंगणात उन्हात उभ्या राहिल्या. आईला राग आला, "देवाला उदबत्ती चालत नाही ते काय घर म्हणायचं का?" दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतः जिना चढून वर आल्या. हातात परसातली मोगऱ्याची फुलं आणि सहाणेवर नुकतंच उगाळलेलं गंध. "हे देवाला चालतं आणि मला पण चालतं," म्हणाल्या. आई विरघळली. निघताना मला म्हणाली, बाई विचित्र आहे, पण मनानं स्वच्छ आहे. तेव्हापासून आईचा फोन आला की आधी काकूंची चौकशी, मग माझी.

आता गंमत अशी, की काकू जन्मभर केमिस्ट्री शिकवत होत्या. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत सडक्या अंड्याच्या वासाच्या वायूत त्यांची उमर गेली, आणि निवृत्तीच्या आसपास हे सुरू झालं. गल्लीत त्यांना सगळे केमिस्ट्री मॅडम म्हणायचे आणि पाठीमागं 'तले केट्टिदे' म्हणायचे, म्हणजे डोकं फिरलंय. काकूंना ते ऐकू जायचं. कान फार तिखट होते त्यांचे. त्या मान वळवायच्या नाहीत, पण त्या दिवशी पेपर वाळत घालताना चिमटे जरा जोरात लागायचे.

डॉक्टरांचं तर विचारू नका. ॲलर्जीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या कोऱ्या. फुप्फुसं ठणठणीत. एका डॉक्टरनं "आजी, काही नाही तुम्हाला, देवधर्म करा" म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "देवळात उदबत्ती असते, डॉक्टर." दुसऱ्या एकानं शरीरातलं विष काढायचा कोर्स सांगितला, रस पिऊन राहायचं, वर महागड्या पुड्या. त्याला काकूंनी विचारलं, "कुठलं विष? नाव सांगा." त्याला नाव सांगता येईना. काकू उठून चालू लागल्या. त्यांचं एक पालुपद होतं, "आधी रीडिंग, मग मत." भाजीवाल्यापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना ते ऐकवायच्या.

हे पालुपद त्यांच्या प्रॅक्टिकलमधलं. त्यांचा एक जुना विद्यार्थी पुढं डॉक्टर झाला, म्हैसुरातच एका मेडिकल कॉलेजात शिकवतो. तो काकूंना बघायला अधूनमधून यायचा, मोटरसायकल कोपऱ्यावर लावून चालत, कारण पेट्रोल. त्यानंच मला सांगितलं. बारावीच्या प्रॅक्टिकलला सगळी पोरं काय करतात, तर उत्तर किती यायला हवं हे आधीच ठाऊक असतं, मग ब्युरेटचं, म्हणजे द्रव मोजायच्या नळीचं रीडिंग उत्तराला जुळेल असं मागून लिहायचं. त्याला 'ॲडजस्ट करणं' म्हणतात. यानंही केलं. उत्तर तंतोतंत बरोबर आलं आणि काकूंनी शून्य दिलं. शेजारच्या पोराचं उत्तर साफ चुकलं होतं, पण रीडिंग दिसलं तेच लिहिलं होतं, त्याला भरपूर मार्क. "अजून राग आहे माझा," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना छाती फुगलेली असायची.

काकूंच्या त्रासाबद्दल डॉक्टरांतच कसं भांडण आहे तेही त्यानंच समजावलं. कानडीत बोलायचा, मी मराठीत सांगते. एक बाजू म्हणते, काहींच्या शरीराला रोजच्या रसायनांचा अगदी थोडा अंशही सोसत नाही, आपल्याला अजून मोजता येत नाही एवढंच. दुसरी बाजू म्हणते, कशात रसायन आहे आणि कशात नाही हे रोग्याला कळू दिलं नाही, तर त्याला फरक ओळखता येत नाही. म्हणजे वास मारत नाही, वासाची धास्ती मारते. "आणि तू कुठल्या बाजूला?" काकूंनी विचारलं. तो घुटमळला. काकू म्हणाल्या, "घुटमळतोस ते ओळ्ळेदे. पण धास्ती म्हणजे मी सोंग करते असं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्या अंगणात उभा कर."

काकूंना सोंग या शब्दाचा एवढा राग का, ते सांगते. त्यांचा धाकटा भाऊ कुवेंपुनगरात राहायचा, रिक्षानं गेलं तर कितीसं अंतर. त्याच्या एकुलत्या एक मुलीवर काकूंचा जीव. त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, या भाचीला त्यांनीच अभ्यासाला बसवून मोठी केली. तिच्या लग्नाला काकू निघाल्या, मी सोबत. जरीची साडी महिनाभर उन्हात ठेवलेली, पर्समध्ये ओले रुमाल. कार्यालयाच्या फाटकाशी रिक्षा थांबली. नवा रंग दिलेलं कार्यालय, दारात पोरी गुलाबपाणी शिंपडतायत, आतून धुपाचा लोट. काकूंनी एक पाय खाली टाकला आणि त्यांचा श्वासच अडकला. तोंड पांढरंफटक. मी त्यांना परत आत बसवलं. त्या हातानंच खूण करत होत्या, तू जा, आहेर दे. मी गेले. भावानं पाकीट घेतलं, माझ्या मागं बघितलं, कुणी नाही, आणि पुढच्या पाहुण्याकडं वळला.

त्यानंतर तो फारसा येईनासा झाला. अक्कानं सोंग केलं, असं तो नातेवाइकांत बोलला होता आणि ते काकूंच्या कानावर आलं होतं. मी एकदा न राहवून त्याला सांगायला गेले, की अहो, मी डोळ्यांनी बघितलंय, खरंच त्रास झाला त्यांना. तो म्हणाला, "तुम्ही तिच्या घरात राहता. तिचीच बाजू घेणार की." माझं डोकं फिरलं होतं, पण मोठा माणूस, काय बोलायचं.

मग भाचीला दिवस गेले. भाऊ एका रविवारी आला, ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "अक्का, पुढल्या महिन्यात होईल बाळंतीण. नंतर बारसं. तू येणार नाहीस ते ठाऊक आहे मला. पद्धत म्हणून सांगायला आलो."

काकूंनी त्याला कॉफी दिली. तो गेल्यावर फाटकाकडं बघत बसल्या. संध्याकाळी त्यांनी डॉक्टरला फोन लावला. "ती तुमची चाचणी करायची आहे मला. न कळू देता द्यायची ती. माझ्या भावाला वाटतं मी खोटं बोलले. त्याला सिद्ध करून दाखवते."

चाचणी त्यांनीच आखली, डॉक्टर नुसता हो म्हणत राहिला. छोट्या तपकिरी बाटल्या घ्यायच्या. सगळ्यांत कॉफीची पूड, कारण कॉफी त्यांना चालायची आणि कॉफी दुसरा वास झाकते. काही बाटल्यांत त्या पुडीखाली कापसावर फरशीच्या पाण्याचे थोडे थेंब. भरायचं काम माझं, वासाची नोकरी करणारी मीच होते ना. वर नुसता नंबर. थेंब घातलेल्या बाटलीच्या बुचाच्या आत लाल दोरा चिकटवायचा. डॉक्टरनं आणि भावानं हुंगून बघितलं, दोघांनाही नुसती कॉफीच लागली. रोज सकाळी डॉक्टर एक बाटली उघडून समोर धरायचा, बूच मुठीत झाकून, काकू हुंगायच्या, थोडा वेळ बसायच्या आणि 'आहे' किंवा 'नाही' सांगायच्या. त्या वेळी मी खोलीत थांबायचं नाही. "तुझं तोंड म्हणजे लिटमस आहे," काकू म्हणाल्या. "लगेच रंग बदलतो."

पहिले काही दिवस शांत गेले. आणि मग एका सकाळी वर मला खालून खोकल्याचा आवाज आला. धावत गेले. काकू खुर्चीत वाकलेल्या, घशातून शिट्टीसारखा आवाज, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल पुरळानं भरलेले. डॉक्टर नाडी धरून बसला होता. "आहे," काकू कशाबशा बोलल्या. "यात आहे. शंकाच नको."

टेबलावरच्या बाटलीचा नंबर मी बघितला. ती मीच भरलेली. तिच्यात कॉफीशिवाय काहीही नव्हतं.

मी तोंड लपवायला परसात गेले आणि कढीपत्त्याला पाणी घालत बसले. माझ्याच हातून चूक झाली असेल का, थेंब चुकून पडला असेल का, शंभरदा आठवून बघितलं. चूक नव्हती. आणि त्या हातांवरचं पुरळही खोटं नव्हतं, दुपारपर्यंत मीच त्यावर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते. काकूंचा आवाज बसला होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं. मला खुणेनं म्हणाल्या, बघितलंस? मी मान हलवली. असे दिवस माझ्या वैऱ्यावरही येऊ नयेत.

शेवटच्या बाटलीनंतर रविवारी सगळे ओसरीवर जमलो. भाऊ गाडीची किल्ली हातात खेळवत, डॉक्टर, मी आणि टेबलावर बाटल्यांची रांग. काकू म्हणाल्या, बुचं मीच उघडणार. प्रत्येक बूच काढायच्या, उलटं करून सगळ्यांना दाखवायच्या, आणि त्या दिवशी आपण काय म्हणालो होतो ते स्वतः मोठ्यानं सांगायच्या. चूक. बरोबर. चूक. परत चूक. नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढंच जमलं असतं. मग त्या सकाळची बाटली आली. काकूंनी बूच उलटं केलं. आत दोरा नव्हता. त्यांनी आतून बोट फिरवून बघितलं. मला रडू यायला लागलं.

डॉक्टर घाईनं म्हणाला, "मॅडम, हे काही खरं धरायचं नाही. बाटल्या थोड्या, घरची चाचणी, थेंबही अगदी कमी. यावरून काही निष्कर्ष निघत नाही."

"मी पास झाले असते," काकू म्हणाल्या, "तर बाटल्या थोड्या आहेत म्हणाला असतास?"

डॉक्टर बुचं परत बाटल्यांना लावू लागला.

"चाचणी मी आखली. वास झाकला तरी मला ओळखता येतं असं मीच म्हणत होते. निकाल माझ्याविरुद्ध आहे." मग त्या भावाकडं वळल्या. "तम्मा, तुला सिद्ध करून दाखवणार होते. उलटंच झालं. आता ऐक. त्या दिवशी फाटकाशी माझा जीव गुदमरला ते सोंग नव्हतं. हे हात बघितलेत या पोरीनं. पण गुदमरवलं ते त्या धुपानं नाही असं दिसतंय. म्हणजे मी आत येऊ शकले असते. थांबले असते, बसले असते, थोड्या वेळानं उतरलं असतं. तुझ्या मुलीच्या डोक्यावर माझ्या अक्षता पडायच्या राहिल्या. ते माझ्याकडनं झालं. मला माफ कर."

मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं बघितली. सत्कार घेताना बघितली, भाषणं ठोकताना बघितली. पण स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्धचं बूच उघडून, ते चारचौघांत दाखवून, त्याची पुरती किंमत मोजणारं माणूस मी एकच बघितलं. अभिमानानं माझा ऊर भरून आला होता, हे आजही सांगते. भावानं किल्ली खिशात टाकली. सगळ्यांचे कॉफीचे पेले उचलले, आत गेला आणि धूत बसला. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. "अक्का," तो म्हणाला, "बारशाला मी गाडी घेऊन येतो. तू बस नाहीतर परत फीर, पण मी घ्यायला येणार."

डॉक्टरनं कॉलेजात हे सांगितलं तर तिथं दोन प्रोफेसरांची जुंपली. एक म्हणाला, बघा, सगळं मनाचं आहे. दुसरा म्हणाला, डोस कमी पडला. काकूंना कळल्यावर म्हणाल्या, "दोघांना पण माझ्याकडं पाठवू नकोस. कॉफी संपेल." मानसोपचाराच्या बाईंकडं मात्र त्या स्वतःहून गेल्या, डॉक्टरनं सुचवताच. गल्लीतल्या एकीनं मला खवचटपणे विचारलं, म्हणजे मनाचंच होतं ना शेवटी? मी उत्तर द्यायच्या आत काकू दोरीपाशी पेपर वाळत घालत होत्या तिथूनच म्हणाल्या, "मन काय शरीराच्या बाहेर भाड्यानं राहतं का गं?" ती बाई गेली. मला हसू आवरेना.

हो, पेपर अजून वाळायचेच. त्रास पळून गेला नव्हता. मानसोपचाराच्या बाईंनी श्वास सावकाश सोडायला शिकवलं होतं, वासापासून लांब न पळता थोडं थोडं थांबायला सांगितलं होतं. काकू एकेका वासाशी बसायच्या, घाम फुटायचा, कधी जमायचं, कधी ओला रुमाल घेऊन अंगणात पळायच्या. "स्वल्प जमलं" म्हणाल्या की समजायचं, आज थोडं जमलं.

बारशाच्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आला. खिडक्या उघड्या, आतला वासाचा डबा काढून टाकलेला. कुवेंपुनगरला पोहोचलो तर घर माणसांनी भरलेलं, आणि आतल्या खोलीत भाचीची सासू नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाला सांब्राणीची धुरी देत होती. इकडं ती पद्धतच आहे, निखाऱ्यावर सांब्राणी टाकायची आणि तो सुगंधी धूर बाळाच्या केसांत जिरू द्यायचा. सगळी खोली पांढरी झाली होती. भावानं ते बघितलं आणि तो विझवायला धावला. काकूंनी त्याचा दंड धरला.

"राहू दे. पोराला सर्दी होईल."

त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. खोकल्या. थांबल्या. ओठ हलत होते, श्वास मोजत असाव्यात. भाचीनं हात पुढं केला. काकू आत गेल्या, खाली बसल्या, आणि तिनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्याचं ओलं, धुपकट डोकं काकूंनी नाकाशी धरलं आणि हुंगलं. मला बघवेना. त्यांच्या मानेवर लाल पट्टे उठायला लागले होते, घसा वाजत होता. मी पुढं झाले, वाकले आणि म्हटलं, "काकू, आणा इकडं, मी घेते थोडा वेळ. तुम्ही बाहेर हवेत बसा."

त्यांनी पदर ओढून बाळाला अजून जवळ घेतलं.

"तू बस बाहेर," म्हणाल्या. "मी इथं आले आहे."